खचलेल्या पायऱ्या: आधी पाणी, मग काँक्रीट

घरासमोरच्या काँक्रीटच्या पायऱ्या खचतात त्या बहुधा खालच्या कच्च्या भरावामुळे. पायासाठी खणलेली माती काम संपल्यावर जोत्यालगत परत लोटली जाते, तिच्यावर धुम्मस नीट चालत नाही आणि पायऱ्या त्या सैल मातीवरच ओतल्या जातात. घराचा पाया खोल असल्याने जोते जागचे हलत नाही. पायऱ्या मात्र दबतात आणि मध्ये फट पडते. विदर्भ-मराठवाड्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, म्हणून तिथे हा त्रास अधिक.

अशा जमिनीवरच्या एका घराचा अनुभव सावध करणारा आहे. तिथे फटीत सिमेंट भरले गेले आणि खचलेल्या पायऱ्यांवर काँक्रीटचा नवा थर चढवण्यात आला. पुढच्या पावसाळ्यात फट पुन्हा उघडली. गच्चीच्या पाइपचे पाणी पायऱ्यांच्या बुडाशीच पडत होते, ते वळवलेच गेले नव्हते. त्यात नव्या थराचा भार वाढला. पायऱ्यांची उंची कमीजास्त झाल्याने घरातली वयस्कर माणसे अडखळू लागली, हे नुकसान वेगळेच.

म्हणून पहिले काम पाण्याचे. गच्चीचे आणि पागोळ्यांचे पाणी पायऱ्यांपासून दूर न्यावे, अंगणाचा उतार घरापासून बाहेर ठेवावा. मग फटीवर सिमेंटचा पातळ पट्टा आडवा लावून त्यावर तारीख लिहावी. एक पावसाळा आणि एक उन्हाळा पट्टा अखंड राहिला, तर खचणे थांबले असे समजण्यास हरकत नाही. पायऱ्या शाबूत असून खाली फक्त पोकळी असेल, तर सिमेंट-वाळूचे पातळ मिश्रण आत भरणे पुरते. पायऱ्या घराकडे कलल्या किंवा दुभंगल्या असतील, तर त्या फोडून नव्याने कराव्यात.

नव्या कामात सैल माती कठीण थरापर्यंत काढावी. काळी माती खोलवर असेल, तर किती काढायची हे अभियंत्याला विचारून ठरवावे. त्या जागी मुरूम 15 सेंटिमीटरच्या थरांनी भरून, पाणी मारून, प्रत्येक थर धुम्मसाने ठोकावा. त्यावर दगडी सोलिंग, मग 1:4:8 प्रमाणाचा कोबा आणि शेवटी एम-20 काँक्रीट. सर्व पायऱ्यांची उंची सारखी, साधारण 15 सेंटिमीटर, आणि रुंदी 30 सेंटिमीटर ठेवावी. प्रत्येक पायरीला बाहेरच्या बाजूस किंचित उतार द्यावा. पायऱ्या जोत्याला जखडू नयेत. मध्ये बिटुमेन बोर्डाचा सांधा ठेवून वरून लवचीक सीलंट भरावे. साध्या पोर्टलँड सिमेंटच्या काँक्रीटवर किमान 7 दिवस, कडक उन्हाळ्यात 10 दिवस पाणी मारावे.

गवंड्याकडून दर मागताना भराव, धुम्मस आणि पाण्याचा निचरा या तिन्ही बाबी लिहून घ्याव्यात. नुसत्या गिलाव्याचा दर स्वस्त दिसतो, पण तो खर्च दुसऱ्यांदा करावा लागतो.