चालू मोटार सोडून जाऊ नका

किल्ली फिरवून काढून घेतली की मोटारीचे इंजिन बंद होते, हा अनुभव आपल्या अंगवळणी पडलेला आहे. नव्या मोटारींत मात्र किल्ली खिशातच राहते आणि इंजिन कळ दाबून चालू-बंद करावे लागते. जुनी सवय येथे फसवी ठरते.

यंत्रणेचे कार्य

मोटारीकडून येणाऱ्या अल्पशक्तीच्या रेडिओ संकेताला किल्ली सांकेतिक उत्तर देते. ते जुळले तरच इंजिन सुरू होते. परंतु सुरू झालेले इंजिन किल्ली दूर गेल्याने सहसा थांबत नाही. धावत्या गाडीत ते अचानक थांबले, तर स्टिअरिंग व ब्रेक यांना मिळणारे साहाय्य कमी होऊन अपघात ओढवेल. किल्ली घेऊन कोणी उतरल्यास मोटार आवाज करून इशारा देते. तो दुर्लक्षिला जाऊ नये. साहेब किल्लीसह कार्यालयात उतरले आणि चालक पुढे गेला, तर गाडी धावत राहील. पण एकदा बंद केल्यावर पुन्हा सुरू होणार नाही.

धोका

इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग वा वास नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक जोमाने जोडला जातो. बंद गॅरेजमध्ये तो झपाट्याने साचतो. हायब्रिड मोटारीचे इंजिन गाडी उभी असताना शांत असते. बॅटरी उतरताच ते आपोआप सुरू होते. अमेरिकेत घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये चालू राहिलेल्या मोटारींमुळे झोपेतच माणसे दगावली. तेथील २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यात इंजिन ठरावीक वेळाने आपोआप बंद होण्याविषयी नियम करण्याची तरतूद झाली.

कायदा आणि कर्तव्य

आपल्या मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२६ नुसार, चालकाच्या आसनावर परवानाधारक व्यक्ती नसल्यास सार्वजनिक ठिकाणी इंजिन बंद करून ब्रेक लावणे, किंवा गाडी आपोआप चालू लागणार नाही अशी अन्य तजवीज करणे बंधनकारक आहे. उतारावर उभ्या गाडीत एखाद्या मुलाने हँडब्रेक सोडला तर काय घडेल, याचा विचार केल्यास या तरतुदीचे मर्म ध्यानी येईल.

म्हणून उतरण्यापूर्वी हँडब्रेक लावावा, कळ दाबावी, फलकावरील दिवे विझल्याची खात्री करावी आणि मुलांना गाडीत एकटे ठेवू नये. शाळांनी व ग्रामपंचायतींनी आपल्या वाहनचालकांना हे आवर्जून समजावून द्यावे. यंत्र इशारा देते. इंजिन बंद करण्याची जबाबदारी मात्र माणसाचीच आहे.