पट्टा एक की दोन?

प्रश्न : डीएनए फिंगरप्रिंटिंगच्या फोटोत नुसते पट्टे दिसतात. ते शेजारी-शेजारी ठेवून कुणीही ताडून पाहील. त्यासाठी सॉफ्टवेअर कशाला लागतं?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : दोन-चार नमुने असतील तर खरंच लागत नाही. १९८४ साली लेस्टर विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज यांनी असे पट्टे पहिल्यांदा पाहिले ते एक्स-रे फिल्मवर, साध्या डोळ्यांनी. त्या फिल्मवर त्यांच्या तंत्रज्ञ सहकारी बाईंच्या डीएनएची रांग होती, शिवाय या बाईंच्या आई-वडिलांचीही. मुलीतलं काय कुणाकडून आलं ते तिथल्या तिथे दिसत होतं.

मानवी जीनोमचा नकाशा करायला घेतला तेव्हा मात्र प्रकरण हाताबाहेर गेलं. इथे माणूस ओळखायचा नव्हता, डीएनएचे सुटे तुकडे जुळवायचे होते. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात दीड-दोन लाख अक्षरांचा एकेक तुकडा जिवाणूंमध्ये वाढवून त्याला ‘हिंड-थ्री’ नावाचं एन्झाइम लावत. ते सहा अक्षरांचा एक ठरावीक क्रम दिसला की कापतं. असा क्रम सरासरी ४,०९६ अक्षरांत एकदा येतो. म्हणजे एका तुकड्याचे चाळीसेक पट्टे. दोन तुकड्यांचे पुष्कळ पट्टे जुळले तर त्यांचा काही भाग सामाईक. असे तुकडे होते तीन लाखांहून जास्त. करा हिशेब!

पट्टे शोधणारं ‘इमेज’ हे सॉफ्टवेअर १९८०च्या दशकातच आलं होतं, पण प्रत्येक रांग माणसाने पडद्यावर तपासून दुरुस्त करावी लागे. काम तुंबायचं ते तिथेच. शिवाय एकच धूसर पट्टा एकाने धरला, दुसऱ्याने सोडला, तर जुळणीचं गणितच बिघडणार.

अडचणी दोन. पहिली सोपी : कापलेले तुकडे ज्या जेलमधून लांबीनुसार पुढे-मागे सरकतात, ते वीज सोडली की सगळीकडे सारखं तापत नाही, त्यामुळे पट्टे वाकडे सरकतात. म्हणून १२१ रांगांच्या जेलमध्ये ९६ नमुने आणि २५ मार्कर, म्हणजे आधीच ठाऊक लांबीचे तुकडे, ठेवत. दर पाचवी रांग मार्करची. त्यांच्या आधाराने सॉफ्टवेअर मधल्या रांगा सरळ करून घेतं.

खरी मेख दुसरीत आहे. जवळपास सारख्या लांबीचे दोन तुकडे एकाच जागी थांबतात आणि एकच पट्टा दिसतो. डोळा इथे हमखास फसतो. व्हँकुव्हर आणि सेंट लुईसच्या मंडळींनी २००३मध्ये मांडलेल्या ‘बँडलीडर’ने उत्तर चमकेत शोधलं, आणि मला तरी ही युक्ती फार आवडते. एका नमुन्यातल्या प्रत्येक तुकड्याच्या प्रती सारख्याच असतात. लांब तुकड्याला रंग जास्त चिकटतो, आखूडला कमी. त्यामुळे १०,००० अक्षरांचा पट्टा ५,०००च्या साधारण दुप्पट चमकायला हवा. ५,०००च्या जागचा पट्टाच तेवढा चमकला, तर समजावं की तिथे दोघे दडलेत. याच नियमाने आखूड तुकडे मुळातच फिकट दिसतात, आणि निसटतात तेही बहुधा तेच.

गुन्हे तपासणाऱ्या प्रयोगशाळांत आता जेल जवळपास नाहीच. डीएनए केसासारख्या बारीक नळीतून धावतो आणि पट्ट्यांऐवजी आलेखावर शिखरं उमटतात. एका डागात दोघा-तिघांचा डीएनए मिसळला असेल तर कुणाचा किती, हे सॉफ्टवेअरला शिखरांच्या उंचीवरूनच काढावं लागतं. सॉफ्टवेअरच्या त्या निष्कर्षावर कोर्टात वकील तुटून पडतात ते काही उगाच नाही.