बोट लावून मोजलेला ताप

रॅमवर पंखा बसवून घ्या असं कुणी म्हणालं, तर आधी त्याला विचारा, रॅमचं तापमान किती आहे? आकड्यात सांगा. माझ्या दुकानदाराकडे आकडा नव्हता. त्याने कॅबिनेट उघडलं, रॅमच्या पत्र्याला बोट टेकवलं, चटका बसल्यासारखं मागे घेतलं आणि निदान सांगून टाकलं. "भाऊ, मे महिना आहे. रॅम तापून रायली तुमची. वरून कूलर लावून घ्या, विषय कट."

मी नागपुरात लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो. म्हणजे लग्नसराई आणि पंचेचाळिशीकडे चाललेला पारा हे दोन्ही माझ्याकडे एकदमच येतात, आणि मशीन बंद पडायला यापेक्षा वाईट मुहूर्त नाही. रेंडर अर्ध्यावर आला की सगळं गोठायचं, नाहीतर निळी स्क्रीन यायची आणि तिच्यावर 'मेमरी मॅनेजमेंट'. नवरीकडचे लोक फोनवर, आणि मी रीस्टार्टच्या बटणावर.

आता एक गोष्ट इथेच लिहून ठेवतो, कारण नंतर ती सोयीस्करपणे विसरली गेली. माझ्या मशीनमध्ये आधी १६ जीबीच्या दोन डीडीआर४ स्टिक होत्या आणि त्यांच्यावर सगळं सुरळीत चाललं होतं. मार्चमध्ये याच दुकानदाराने आणखी दोन घातल्या, दुसऱ्या कंपनीच्या. "त्याही ३२००, ह्याही ३२००. चालते." दुखणं त्यानंतर सुरू झालं. ऊन वाढल्यावर ते वाढलं असेल, पण सुरू मार्चमध्येच झालं. मी दुकानात पाऊल ठेवताच हेच बोललो होतो, "नव्या दोनपैकी एखादी खराब आहे का, ते आधी बघा." माझा असिस्टंट शेजारी उभा होता, त्याने ऐकलं आहे. उत्तर काय मिळालं? "नवीन माल असा खराब नसते भाऊ."

बोटाने काय कळतं, ते सांगतो. पन्नासेक अंशांच्या धातूवर आपलं बोट फार वेळ टिकत नाही, आणि साठला तर आपण हात झटकून मागे घेतो. रॅमच्या चिपला मात्र नेहमीच्या कामासाठी ८५ अंशांपर्यंत मुभा असते. त्यापुढेही ९५ पर्यंत ती चालवता येते, फक्त तेव्हा तिला दुपटीने वेगाने 'रिफ्रेश' करावं लागतं. कारण असं की रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे विजेचा इवलासा साठा असतो आणि तो सतत गळत असतो. नेहमीच्या तापमानात दर ६४ मिलिसेकंदांच्या आत तो पुन्हा भरावा लागतो, ८५ च्या वर ३२ च्या आत. उष्णतेने गळती वाढते, हे खरं. म्हणजे उष्णतेमुळे मेमरीत चुका होऊच शकत नाहीत, असं मी म्हणत नाही. पण बोटाला चटका बसणं आणि चिपला त्रास होणं यांच्यात बरंच अंतर आहे, आणि त्या अंतरात दुकानदाराचा गल्ला भरतो.

शिवाय माझ्या डीडीआर४ स्टिकवर तापमान सांगणारा सेन्सरच नव्हता. डेस्कटॉपच्या बहुतेक साध्या डीडीआर४ स्टिकवर तो नसतो. डीडीआर५ मध्ये असतो, आणि एचडब्ल्यूइन्फोसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये प्रत्येक स्टिकचा आकडा समोर दिसतो. ज्यांच्याकडे डीडीआर५ आहे त्यांनी बोटाच्या निदानावर एक रुपयाही खर्च करायचं कारण नाही.

तरी कूलर बसला. बिनकंपनीचा, दोन चिमुकले पंखे, त्यांच्यात रंग बदलणारे दिवे. आता बसवण्याची गंमत ऐका. हे कूलर रॅमच्या स्लॉटच्या दोन्ही टोकांच्या खिट्ट्यांना पकडून उभे राहतात. हल्लीच्या बऱ्याच मदरबोर्डांवर खिट्टी एकाच टोकाला असते, दुसऱ्या टोकाला स्लॉट नुसता बंद. माझा तसाच आहे. दुसऱ्या पायाला धरायला काहीच नाही म्हटल्यावर त्याने तो प्लास्टिकच्या टायने शेजारच्या वायरींच्या जुडग्याला बांधला. पाय तिरपा झाला आणि बाहेरच्या स्टिकला टेकून राहिला. ही टेकलेली जागा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पुढची अडचण प्रोसेसरच्या टॉवर कूलरची. त्याचा पंखा रॅमच्या स्लॉटवर झुकलेला होता, म्हणून हे नवीन खेळणं मावेना. याने तो पंखा काढून टॉवरच्या मागच्या बाजूला लावला. आणि रॅमच्या पंख्यांची वायर मदरबोर्डला न देता सरळ पॉवर सप्लायच्या मोठ्या पिनला दिली. म्हणजे वेगावर ताबा शून्य, मशीन चालू झालं की भुणभुण चालू. माझ्या खोलीत व्हॉइस ओव्हर रेकॉर्ड होतो, हे त्याला ठाऊक होतं.

क्रॅश थांबले नाहीत. उलट रेंडरला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागू लागला. प्रोसेसर ९५ अंशांवर जाऊन स्वतःच वेग कमी करत होता. फोन केला तर म्हणे, "खोलीत कूलर लावा ना." नागपुरात मे महिन्यात खोलीत कूलर लावला नसेल असं ज्याला वाटतं, त्याच्याशी काय बोलायचं? शेवटी मी देवघरातली उदबत्ती पेटवली आणि झाकण काढलेल्या कॅबिनेटमध्ये धरली. धूर मागे जायला हवा होता, तो पुढे रॅमकडे येत होता. टॉवरच्या मागे सरकवलेला पंखा त्याने उलट्या तोंडाने लावला होता. कॅबिनेटचा मागचा पंखा हवा बाहेर ओढतोय, हा आत ढकलतोय, आणि मधल्यामध्ये प्रोसेसरवरची गरम हवा त्या दोन चिमुकल्या पंख्यांमार्फत रॅमवर ओतली जातेय. रॅम थंड करायच्या नावाखाली हे मी विकत घेतलं होतं.

पंखा कुठल्या दिशेने फुंकतो हे ओळखणं सोपं आहे. मोटर धरून ठेवणाऱ्या आडव्या दांड्या ज्या बाजूला दिसतात, हवा त्या बाजूने बाहेर पडते. शाळेतल्या पोराला दाखवा, ते लावून देईल.

पंखा सरळ केला, प्रोसेसर निवला. क्रॅश मात्र जिथल्या तिथे. तेव्हा मी ठरवलं की आता तापमानाचा प्रश्नच शिल्लक ठेवायचा नाही. मशीन रात्रभर बंद ठेवलं. रॅमच्या कूलरची वायर काढून टाकली. पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६ आदल्या दिवशीच करून ठेवलं होतं. हा प्रोग्रॅम विंडोज सुरू व्हायच्या आधीच चालतो, त्यामुळे दोष विंडोजवर किंवा एडिटिंगच्या सॉफ्टवेअरवर ढकलायची सोय राहत नाही. पहाटे, घरातले उठायच्या आत, मशीन चालू केलं. नागपूरच्या मे महिन्यात त्यातल्या त्यात थंड वेळ ती. एडिटिंग नाही, ग्राफिक्स कार्ड गार, रॅमचा पत्रा हाताला गार. आणि पहिल्या काही मिनिटांतच चुका दिसू लागल्या. त्याही विखुरलेल्या नाहीत, पुन्हा पुन्हा त्याच पत्त्यावर. उष्णतेमुळे होणाऱ्या चुका सहसा मशीन तापल्यावर येतात. थंड मशीनमध्ये एकाच पत्त्यावर हटून बसलेली चूक म्हणजे चिपमधला ठरावीक भागच खराब.

मी खुर्चीत बसून त्या ओळींकडे बघत राहिलो. खरं सांगायचं तर राग आला त्याहून जास्त बरं वाटलं. मी पहिल्या दिवशी जे म्हणालो होतो ते समोर लिहून आलं होतं. मग चारही स्टिक काढल्या आणि एकेक करून एकाच स्लॉटमध्ये तपासल्या. जुन्या दोन्ही स्वच्छ. नव्यातली एक स्वच्छ. दुसरी खराब. ती जिथे होती त्या स्लॉटमध्ये चांगली स्टिक लावूनही पाहिली, स्लॉटही ठीक. म्हणजे पळवाट एकही नाही.

पण ती स्टिक हातात घेतली तेव्हा दुसराच धक्का बसला. कूलरचा तो तिरपा पाय नेमका हिच्यावर टेकत होता. पंख्यांच्या थरथरीने घासून घासून तिच्या स्टिकरवरचा सीरियल नंबर अर्धा पुसला गेला होता.

दुकानात गेलो. मेमटेस्टचे फोटो दाखवले. त्याने ते पाहिलेही नाहीत. स्टिक उलटी केली, सुलटी केली, आणि चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला, "स्टिकर खराब आहे भाऊ. कंपनी घेत नाही मग." मी विचारलं, स्टिकर कुणी खराब केलं? "ते आता वापरात होते ना." कूलर कुणी बसवला? "तुम्हीच म्हणाले बसवा." मी! तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं, त्याच्या लॅपटॉपच्या पत्र्यालाही हा बोट लावून बघू लागला. खोटं बोलताना त्याला जराही अडखळायला होत नव्हतं, हे मला आजही जास्त खटकतं. स्टिकची किंमत त्यामानाने काहीच नाही.

मग मी त्याला वगळून सरळ कंपनीच्या सेवा केंद्राला लिहिलं. ब्लिस्टरचं पाकीट मी जपून ठेवलं होतं, त्यावर पूर्ण नंबर छापलेला होता. सीपीयू-झेड नावाच्या प्रोग्रॅममध्ये एसपीडीच्या पानावर बऱ्याच स्टिकचा सीरियल नंबर दिसतो, कारण तो स्टिकवरच्या एका छोट्या चिपमध्येही लिहिलेला असतो. माझ्या स्टिकचा पाकिटाशी जुळला. त्यांनी काही हुज्जत न घालता बदलून दिली, वेळ लागला एवढंच. रॅमवर बऱ्याच कंपन्या दीर्घ मुदतीची, कधी आयुष्यभराची वॉरंटी देतात आणि दुकानदाराला ती आठवत नाही.

म्हणून बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. "रॅम १६ जीबी, २ नग" असलं बिल काही कामाचं नाही. बसवण्याआधी स्टिकरचे फोटो काढा. पाकीट फेकू नका. बिल जीएसटीचंच घ्या, हे तर सगळे सांगतातच.

क्रॅश होत असेल तर पैसे खर्च करण्याआधी बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी बंद करा, एएमडीच्या काही बोर्डांवर त्याला डीओसीपी म्हणतात. डीडीआर४ चा मूळ व्होल्टेज १.२ आहे, एक्सएमपी लावला की तो सहसा १.३५ होतो आणि वेगही वाढतो. तो बंद केल्यावर क्रॅश थांबले तर भानगड वेगाची किंवा व्होल्टेजची आहे. चार स्टिक, त्याही दोन कंपन्यांच्या, असतील तर प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरवर ताण येतो. कधी कधी सगळ्या स्टिक चांगल्या असूनही ३२०० वर टिकत नाहीत आणि २६६६ वर मुकाट चालतात. हे त्या "चालते" वाल्याने मला सांगायला हवं होतं. शक्य असेल तर एकाच पाकिटातला संच घ्या.

पंखा कधीच लावू नये का? तसंही नाही. २००६ च्या मॅक प्रोमध्ये आणि त्या काळच्या सर्व्हरमध्ये जी एफबी-डिम मेमरी होती, तिच्यावरची एक जादा चिप इतकी तापायची की जाड हीटसिंक लागायचे. डीडीआर२ आणि डीडीआर३ च्या काळात व्होल्टेज चढवून ओव्हरक्लॉक करणारे लोक असे पंखे लावायचे, आणि त्यांना फायदाही व्हायचा. पण मूळ व्होल्टेज पिढीगणिक उतरतच आला आहे. पहिल्या डीडीआरचा २.५, मग १.८, १.५, १.२, आणि डीडीआर५ चा १.१. आजही कुणी व्होल्टेज १.४५ वगैरे करून टायमिंग घट्ट आवळत असेल, किंवा डीडीआर५ चा आकडा खरंच वर जात असेल, तर हवा द्यावी. ती सुद्धा १२० मिलिमीटरच्या, संथ फिरणाऱ्या, मदरबोर्डच्या पिनला जोडलेल्या पंख्याने. तो रॅमच्या समोर किंवा वर, कुठल्याही स्टिकला न टेकता बसवावा. चिमुकले पंखे वेगाने फिरतात, कर्कश वाजतात, आणि आमच्याकडच्या धुळीत त्यांची बेअरिंग लवकर खडखडू लागते. कुठलाही पंखा लावण्याआधी कॅबिनेटची जाळी झाडा. मशीन भिंतीला चिकटून असेल तर पुढे ओढा. ग्राफिक्स कार्डाची गरम हवा वर जाऊन कुठे साठतेय ते बघा. बऱ्याच वेळा एवढ्यावर काम भागतं.

कूलरचे पैसे त्याने परत द्यायला नकार दिला. "वापरलेला माल." मी ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. बिलाचा फोटो, टायने बांधलेल्या पायाचा फोटो, खरवडलेल्या स्टिकरचा फोटो, सगळं जोडलं. त्यानंतर त्याचा स्वतःहून फोन आला, आवाज एकदम मऊ, मला 'सर' म्हणत होता. दुकानात गेलो तर त्याने रोख न देता तेवढ्याच रकमेची क्रेडिट नोट पुढे केली. तिच्यावर छापलंय की ती फक्त याच दुकानात चालेल. मी ती घेतली नाही आणि तक्रारही मागे घेतलेली नाही. कूलर त्याच्या काउंटरवर ठेवून आलो, पोच लिहून घेऊन.