शस्त्रक्रियेपूर्वीचे कर्तव्य

भिलाई ही दूरदूरच्या माणसांनी वसविलेली नगरी आहे. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कामाच्या निमित्ताने अनेक प्रांतांतून, विदर्भातूनही, कुटुंबे येऊन तेथे स्थिरावली. अशा एखाद्या कुटुंबात कर्त्या पुरुषाला किंवा गृहिणीला कर्करोग झाल्याचे कळते, तेव्हा भाऊबंद शेकडो मैलांवर असतात. आणि घरात पहिला विचार येतो तो असा, की हे कोणाला कळू देऊ नये.

हा विचार सोडणे हे पहिले कर्तव्य होय. कर्करोग स्पर्शाने पसरत नाही. मग शेजाऱ्यांपासून लपविण्यासारखे त्यात काय आहे? गीतेचा आरंभच मुळी एका शूर पुरुषाने आपले दुःख मित्राजवळ उघड करण्याने झाला आहे. अर्जुनाने अंगाचा कंप आणि मनाचा गोंधळ लपविला असता, तर पुढील उपदेशास वावच राहिला नसता.

मात्र साह्य मागताना ते कोणते हवे, हे स्पष्ट सांगावे. एकाने वैद्याकडे बरोबर येऊन सर्व लिहून घ्यावे. एकाने मुलांची शाळा व जेवण सांभाळावे. एकाने रजेची व पैशाची व्यवस्था पाहावी. अशीच शस्त्रक्रिया होऊन बरा झालेला मनुष्य भेटल्यास त्याच्याशी अवश्य बोलावे. आयुष्मान भारत योजनेत (2018) पात्र कुटुंबास वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत उपचाराचे संरक्षण आहे; रुग्णालयाच्या दाखल्यावर रेल्वेभाड्यातही सवलत मिळते. रायपूरला प्रादेशिक कर्करोग केंद्र आहे. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय आहे. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय 1941 पासून सेवा करीत आहे. मुंबईस जावे लागले, तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशा रुग्णांना व त्यांच्या सोबत्यांना आसरा देते.

चाकू लागला की रोग पसरतो, हा समज खरा नाही. त्या भयाने किंवा मुहूर्तासाठी दिवस घालविणे मात्र घातक ठरू शकते. शंका असल्यास दुसऱ्या तज्ज्ञाचे मत लवकर घ्यावे, आणि वैद्यास विचारावे: काय काढणार, का काढणार, पुढे कोणते उपचार लागतील?

तयारीचा काही भाग रुग्णाच्याच हाती असतो. विडी, तंबाखू त्याच दिवशी सोडावी. चार आठवडे आधी धूम्रपान सुटल्यास शस्त्रक्रियेनंतरचे उपद्रव कमी होतात. या काळात उपासतापास करू नयेत; डाळ, दूध, चालत असल्यास अंडी, असा बळ देणारा आहार घ्यावा. रोज चालावे, दीर्घ श्वसन करावे. मधुमेहाची, रक्त पातळ करणारी व काढ्यांसह सर्व औषधे भूलतज्ज्ञास दाखवावीत. आपल्या मनाने कोणतेही बंद करू नये. आदल्या रात्री अन्नपाणी केव्हा थांबवावयाचे, ते त्यांनी सांगितल्याप्रमाणे तंतोतंत पाळावे.

कारखान्यात मोठ्या यंत्राच्या दुरुस्तीपूर्वी वीज तोडतात, खूण लावतात, परवाना तपासतात; त्याचा कोणास राग येत नाही. शस्त्रक्रियागृहातही रुग्णास नाव, अवयव आणि बाजू पुन्हा पुन्हा विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये अशा तपासणीची यादीच घालून दिली. हा अविश्वास नव्हे, ही दक्षता होय. म्हणून प्रत्येक वेळी शांतपणे उत्तर द्यावे.

12 जानेवारी 1924 च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात महात्मा गांधींच्या आंत्रपुच्छावर कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. गांधीजी तेव्हा सरकारचे बंदी होते आणि शल्यवैद्य त्याच सरकारचा अधिकारी होता. तरीही त्याच्यावर विश्वास व्यक्त करून त्यांनी संमतिपत्रावर सही केली. शस्त्रक्रिया चालू असताना वीज गेली, आणि उरलेले काम कंदिलाच्या प्रकाशात पुरे झाले.

कार्यसिद्धीची पाच कारणे गीतेच्या अठराव्या अध्यायात सांगितली आहेत, आणि त्यांत दैव शेवटी येते. आधीच्या चारांत शरीर आहे, कर्ता आहे, साधने आहेत, नानाविध प्रयत्न आहेत. रुग्णाने शरीर सज्ज करावे, आप्तांनी हात द्यावा, वैद्याने शस्त्र चालवावे. एवढे झाल्यावर फळाची चिंता बाजूस ठेवून रुग्ण आत जाऊ शकतो. कारण त्याच्या वाट्याचे काम त्याने केलेले असते, आणि बाहेर बसलेली माणसे त्याची असतात.