कोंडलेली धामण उंदीर का धरत नाही?

पारशिवनी परिसरात धान निसवू लागले की उंदरांचा उपद्रव वाढतो. अशाच दिवसांत एका शेतकऱ्याने धुऱ्यावरची धामण पकडून पत्र्याच्या ड्रममध्ये ठेवली व आत दोन जिवंत उंदीर सोडले. तिला चटक लावून मग ढोलीजवळ सोडावी, असा त्याचा बेत होता. चौथ्या दिवशी पाहिले, तर उंदीर धडधाकट आणि धामणीच्या पाठीवर उंदरांनीच कुरतडल्याच्या जखमा! "साहेब, धामण भित्री निघाली," असे तो मला म्हणाला. दोष धामणीचा नव्हता.

धामणीला विष नसते. ती अजगरासारखे वेटोळे घालूनही भक्ष्य मारत नाही, तर तोंडात धरून जमिनीशी किंवा बिळाच्या भिंतीशी अंगाने दाबते व गिळते. ती दिवसा फिरते. जीभ आतबाहेर करून वास टिपते आणि माग काढत बिळात शिरते. गुळगुळीत ड्रममध्ये ना आडोसा, ना माग, ना ऊब. सापाच्या शरीराचे तापमान बाहेरच्या हवेवर अवलंबून असल्याने अंग थंड पडले की पचन मंदावते. घाबरलेला किंवा कात टाकण्याच्या बेतात असलेला साप सहसा खातच नाही. खाल्ल्यावर हाताळल्यास भक्ष्य ओकून टाकतो.

सर्पोद्यानात म्हणूनच आधी लपण्याची जागा, ऊन-सावली व पाणी यांची सोय करतात. साप स्थिरावल्यावर खाद्य देतात. तेही बहुधा मेलेला उंदीर चिमट्याने हलवून, म्हणजे सापाला इजा होत नाही. नागपंचमीला साप दूध पितो ते तहानेपोटी. दूध हे त्याचे अन्न नव्हे. ते फुप्फुसात गेल्यास साप दगावतो.

घरी मात्र हा प्रयोग करू नये. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार साप पकडणे व बाळगणे गुन्हा आहे. शिवाय धामण समजून नागाला हात घातल्याची उदाहरणे आहेत.

धामणीला शेतातच खाऊ द्यावे. त्यासाठी सर्वच धुरे एकदम पेटवू नयेत. बांधीपासून थोड्या अंतरावरील एखादे झुडूप, दगडांचा ढीग राहू द्यावा. घराजवळ मात्र ठेवू नये. धुरे फार रुंदही ठेवू नयेत, कारण त्यात उंदरांचीच बिळे वाढतात. कुंपणाला लावलेल्या नायलॉनच्या जाळीत साप अडकून मरतात, तेव्हा ती काम संपताच गुंडाळावी. एकट्या धामणीने उंदीर संपतील अशी अपेक्षा धरू नये. बिळे बुजवणे, सापळे लावणे चालूच ठेवावे.

तणशीच्या ढिगात साप दिसल्यास डिवचू नये, लांब राहून वनपरिक्षेत्र कार्यालयास कळवावे. रात्री पाणी धरायला जाताना बॅटरी आणि गमबूट विसरू नयेत.