स्वयंपाकघराचा जमाखर्च

पारगाव येथील भीमाशंकर सहकारी साखर कारखान्यास ऊस गेला, म्हणजे आमच्या घरोघरीं बेत सुरू होतात. “उसाचें बिल आलें कीं यंदा स्वयंपाकघर नवें करूं,” असें ठरतें. बेत स्तुत्य खरा. परंतु हिशेब मांडल्यावांचून कामास हात घातला, तर ओटा अर्धवट राहतो आणि कर्ज मात्र डोक्यावर बसतें.

म्हणून प्रथम मोजमाप घ्यावें. ओटा ८ फूट लांब व २ फूट रुंद असल्यास कडाप्पा फरशी १६ चौरस फूट लागेल. तुटफुटीसाठीं २ चौरस फूट अधिक धरावी. ओट्याची उंची गवंड्यानें ठरवूं नये. जी माउली तेथें रोज उभी राहते, तिच्या कोपराच्या किंचित् खालीं ती असावी.

मग क्रम लावावा. आधीं धूर बाहेर जाण्याची वाट, नंतर सांडपाण्याची मोरी, मग ओटा, आणि शेवटीं रंग व कपाटें. मोरी मागाहून बदलूं म्हटल्यास नवी फरशी पुन्हा उखडावी लागते.

समजा, जवळ ६०,००० रुपये आहेत. त्यांतील दशांश, म्हणजे ६,००० रुपये, बाजूस ठेवावे. जुनी भिंत उकरल्यावर काय निघेल, हें आधीं कळत नाहीं. उरलेले ५४,००० वरील क्रमानें वांटावे. न पुरल्यास कपाटें पुढील हंगामावर टाकावीं. धुराची वाट मात्र टाकूं नये. त्या काटकसरीची किंमत आईची छाती भरते.

विद्यार्थिमित्रांनो, क्षेत्रफळाचीं उदाहरणें आपण वहींत सोडवितों. या सुटींत मोजपट्टी घेऊन आपण तीं स्वयंपाकघरांत सोडवूं या, आणि पहिलें माप आईस विचारून घेऊं या.