तात्पर्य विचारू नकोस

सहावी-सातवीचे मराठीचे तास तुझ्याकडे आलेत म्हणून सांगते. ‘लेखकाने हा उतारा कशासाठी लिहिला?’ असं विचारून बघ. निम्म्या वर्गाचं उत्तर ‘आपण अमुक केले पाहिजे’ असंच येईल. उतारा मधमाशीवर असो की लोकल गाडीवर, मुलं त्यातून उपदेश काढतात. त्यांचा दोष नाही गं. पहिलीपासून आपणच त्यांना इसापच्या गोष्टी सांगतो आणि प्रत्येकीच्या शेवटी ‘तात्पर्य काय?’ म्हणून विचारतो. ती सवय उताऱ्यालाही लागते. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे वर्गात तात्पर्य विचारूच नकोस. त्याऐवजी विचार, ‘हे वाचून झाल्यावर वाचणाऱ्याने काय करावं, असं लिहिणाऱ्याला वाटत असेल?’ कधी उत्तर येईल ‘किल्ला बघायला जावं’, कधी ‘रागवावं’, कधी ‘नुसतं खुदकन हसावं’. यातलं कुठलंही उत्तर आलं की गाडी रुळावर आली समज.

माहिती देणे, मन वळवणे, करमणूक करणे असे तीन कप्पे फळ्यावर आखून देऊ नकोस, निदान इतक्यात तरी नको. मुलं उतारा न वाचताच कप्पा निवडायला लागतात. आकडे दिसले की ‘माहिती’, संवाद दिसले की ‘करमणूक’.

ही खोड मोडायला मी किल्ल्यांचा धडा करते. 2025 च्या जुलैत मराठ्यांचे 12 किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. 11 आपल्याकडचे आणि एक तमिळनाडूतला जिंजी. एवढीच माहिती घे आणि तिच्यावर तीन छोटे उतारे स्वतः लिही. पहिला बातमीसारखा. दुसरा सहलीच्या जाहिरातीसारखा, ‘आता तरी रायगड पाहायला या’ म्हणणारा. तिसरा गडावरच्या टाक्यांत पडलेल्या प्लास्टिकच्या बाटल्यांबद्दल तळमळून लिहिलेला. 12 चा आकडा तिन्हींत ठेव. मग विचार, हा आकडा इथे कशाला आला? बातमीत तो कळावा म्हणून आलाय, जाहिरातीत भुरळ पडावी म्हणून आणि तिसऱ्यात लाज वाटावी म्हणून. विषय एक, खरी माहितीही एकच, तरी हेतू तीन. हे मुलांच्या एकदा ध्यानात आलं की ‘उतारा किल्ल्यांवर आहे’ हे उत्तर आपोआप मागे पडतं. शिवाय कुठल्या उताऱ्यात काय गाळलंय तेही शोधायला लाव. जाहिरातीत बाटल्या नाहीत, दमवणाऱ्या पायऱ्या नाहीत. जे लिहिलं नाही त्यातूनही हेतू दिसतो, आणि हे शोधायला या वयाच्या मुलांना फार आवडतं.

क्रियापदांकडे बघायला शिकव, पण त्याचा नियम करू नकोस. ‘या, वाचवा, थांबवा’ दिसलं की मन वळवायचंय असं मुलं ठरवून टाकतात. मग थालीपिठाच्या कृतीतलं ‘पीठ मळून घ्या’ समोर ठेव. तिथे कुणी कुणाचं मन वळवत नाही, कसं करायचं ते सांगतंय.

आठवीपर्यंत पोचलीस की मुक्ता साळवेचा निबंध घे. सावित्रीबाई-जोतिरावांच्या शाळेतली ही मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध 1855 साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला, तेव्हा ती तुझ्या वर्गातल्या मुलींच्याच वयाची होती. हे आधी सांग, वर्ग सरसावून बसेल. मग एकच काम दे: ती कुणाशी बोलतेय, ते परिच्छेदाच्या कडेला पेन्सिलीने लिहा. ती देवाला जाब विचारते, सोसलेला छळ एकेक करून मांडते आणि शेवटाकडे आपल्याच लोकांना शिका म्हणून विनवते. ऐकणारा बदलला की हेतूही बदलतो. एका लेखनात अनेक हेतू असू शकतात, हे नुसतं तोंडी सांगून मुलांना पटत नाही; कडेच्या त्या नोंदी बघून पटतं. भाषा जुनी आहे, म्हणून आधी तू स्वतः मोठ्याने वाचून दाखव.

शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी वेगळं काही करावं लागत नाही. एवढंच कर, की पर्याय हाताने झाकून हेतू आधी कच्च्या वहीत एका वाक्यात लिहायला लाव. ‘लेखकाला वाटतं की वाचणाऱ्याने…’ अशी सुरुवात तू करून दे. चार पर्यायांतला एखादा खरा असतो, उताऱ्यात असतोही, पण तो नुसता एक तपशील असतो. हुशार मुलं तिथेच अडकतात. स्वतःचं वाक्य हाताशी असलं की चकवा ओळखू येतो.

आणि त्यांना लिहायला लाव. शाळेतला गळका नळ घे. कुणी मुख्याध्यापकांना अर्ज लिहील, कुणी सूचनाफलकावरची सूचना, कुणी त्या नळाचीच फजिती रंगवेल. नाव न घालता कागद शेजारच्या बाकावर जाऊ दे. शेजाऱ्याने हेतू ओळखायचा आणि ज्या शब्दावरून ओळखला त्याखाली रेघ मारायची. ज्याचा ओळखता आला नाही त्याला कमी गुण देऊ नकोस. कागद परत दे आणि दुसऱ्या दिवशी तोच मजकूर पुन्हा लिहून आणायला सांग.